घर विकणे आहे

मनुष्य घर बांधतो तेव्हा गवंडी, सुतार, भटजी आणि सावकार एवढ्या चौघांशी गाठ पडली की भागते. तेच घर विकावयास काढले म्हणजे सल्लागारांची संख्या वाढू लागते. शेजारी, मध्यस्थ, रंगारी, मोडवाला, वकील, बँकेचा अधिकारी, भूमापन कार्यालयातील कारकून आणि एरवी केवळ लग्नपत्रिकेपुरते आठवणारे आप्त, हे सर्व आपापले मत घेऊन दाराशी येतात. आणि गंमत अशी की, त्यांतील एकाचेही मत अगदीच टाकाऊ नसते. गेल्या दोन वर्षांत आम्हा भावंडांना हा अनुभव पुरेपूर आला. त्यातून जे द्रव्य हाती लागले ते तीन ठिकाणी वाटले गेले. परंतु त्याबरोबर एक गोष्ट अशीही हाती लागली की, तिची वाटणी करता येत नाही. ती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे घर वाईचे. गंगापुरीत, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. आजोबा तेथील एका वकिलांकडे कारकून होते. पगारातून पै-पै साठवून त्यांनी १९२९ साली जागा घेतली व १९३१ साली वर घर उभे केले. काळ्या दगडाचे जोते, मातीत रचलेल्या भाजीव विटांच्या दीड हात जाडीच्या भिंती, सागवानी खांब आणि माथ्यावर मंगळुरी कौले, असा त्याचा थाट होता. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे त्याच्या अनुकरणाने निघालेल्या कारखान्यांची चपटी कौले हळूहळू घाटावरच्या गावांतही येऊन पोहोचली. प्रत्येक कौलाच्या पोटाशी कारखान्याचे नाव इंग्रजीत उठवलेले असे. माळ्यावर उताणे पडून ती अक्षरे लावीत बसणे हा माझा लहानपणचा उद्योग. पुढे आयुष्यभर ज्या भाषेच्या अध्यापनावर पोट भरले, तिचा श्रीगणेशा मी त्या कौलांवर केला, असे म्हणावयास हरकत नाही.

वडील २००४ साली गेले, आई २०१९ साली. दादा कॅनडात, अक्का कोल्हापुरास, मी पुण्यास. बंद घर जपून ठेवलेल्या वस्तूसारखे तसेच्या तसे राहते, ही केवळ बाहेरगावी राहणाऱ्यांची समजूत आहे. चूल पेटत नाही म्हणून वाशांना धूर लागत नाही आणि वाळवी निर्धास्त होते. दारे उघडत नाहीत म्हणून भिंती घामेजतात. एखादे कौल सरकले तर ते कळावयास पुढचा पावसाळा उजाडावा लागतो. वर्षातून दोनदा जाऊन केर काढणे म्हणजे घर राखणे नव्हे, हे तिघांनाही उमगले आणि विकण्याचे ठरले.

आम्हांस लाभलेले मध्यस्थ आपल्या व्यवसायात मुरलेले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी घर वरपासून खालपर्यंत पाहिले आणि ते म्हणाले, "साहेब, वास्तू उत्तम आहे, पण हिच्यात तुम्ही फार दिसता. घ्यायला येणाऱ्याला आपला पलंग कुठे मांडायचा ते दिसलं पाहिजे. समोर तुमच्या आजोबांची तसबीर असली की तो पाहुण्यासारखा बसतो, मालकासारखा बसत नाही." या वाक्यातील शहाणपण नाकारण्यासारखे नव्हते. आम्ही घरातून स्वतःस काढून घेण्यास आरंभ केला.

हे काम वाटते त्याहून चिवट असते. तसबिरी उतरविल्या तर त्यांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरले. देव पुण्यास आणले तर देवघराच्या भिंतीवर वर्षानुवर्षे एकावर एक चिकटवलेल्या जिवतीच्या कागदांचा जाड पापुद्रा राहिला. तो सोडवताना प्रत्येक श्रावण वेगळा निघाला. ओटीवर वडील ज्या जागी भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचीत तेथे डोक्याच्या तेलाचा बशीएवढा डाग पडला होता. रंगाऱ्याने त्यावर तीन हात दिले आणि तिन्ही वेळा तो वर आला. शेवटी तेवढा गिलावा खरवडून काढावा लागला. माळ्यावरून पंचांगांचे गठ्ठे, हिशेबाच्या वह्या, दोरी सुटलेली मासिके आणि एकही किल्ली न लागणाऱ्या दोन ट्रंका खाली आल्या. आठ दिवसांत घर असे स्वच्छ झाले की, आमच्याच पावलांचा आवाज आम्हांस परका वाटू लागला.

मध्यस्थांची आणखी एक सूचना होती. स्वयंपाकघराला लागून एक लांबट खोली होती. तिला आम्ही आत्याची खोली म्हणत असू. एका बाजूस दार, तीन बाजूंस भिंती. भर दुपारी दिवा लावावा लागे. मागल्या भिंतीस खिडकी पाडली तर नदी दिसेल आणि किंमत वाढेल, असे त्यांचे म्हणणे पडले. सूचना त्या घरास नवी नव्हती. माझी आत्या, वडिलांची धाकटी आणि एकुलती बहीण, पावसाळा सरला की दरवर्षी एकदा वडिलांपाशी विषय काढी, "अण्णा, यंदा खिडकीचं जमेल का?" आणि वडील म्हणत, "पुढच्या वर्षी पाहू." वडिलांचे मन कोते नव्हते. शाळामास्तरांच्या पगारात आधी कौले, मग फिया, मग आजारपणे, असा क्रम लागे, आणि खिडकी नेहमी त्या क्रमाच्या शेपटाशी राही. आत्याने पुन्हा विचारले नाही की रुसली नाही. पुढच्या वर्षी मात्र नेमाने विचारले. आता गवंड्याने मातीतल्या विटा हाताने मोकळ्या केल्या, वर फरशीचा आधार दिला, चौकट बसविली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कृष्णेचे पाणी आणि पलीकडच्या तीरावरची झाडे खोलीत बसल्या जागेवरून दिसू लागली. काम दोन दिवसांचे होते.

यानंतर भांड्यांची पाळी आली. बंब, घंगाळे, पराती, कळशा, डबे असा तांब्या-पितळेचा ढीग अंगणात मांडून मोडवाला तराजू घेऊन बसला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. कारण कार्यप्रसंगी भांडी शेजारी जातात आणि नावाखेरीज ती परत येण्याची शाश्वती नसते. कोणी दिले, कोणास दिले, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या शकात, एवढा मजकूर एका ओळीत बसविणाऱ्या त्या कारागिरांच्या संक्षेपाचे कौतुक करावे तितके थोडेच. मोडवाल्यास अर्थातच मजकुराशी कर्तव्य नव्हते. नावाने वजन वाढत नाही. अक्का मात्र प्रत्येक भांडे उन्हात धरून वाची आणि मगच त्याच्या हाती देई. एका घंगाळावर ती थांबली. त्यावर एका स्त्रीचे नाव होते, आडनाव आमचे नव्हते, आणि शके १८६३, म्हणजे १९४१, असा काळ होता. "आडनाव कुठं तरी ऐकलंय," ती म्हणाली, "पण हे आपल्यातलं नव्हे. कुणाचं तरी परत करायचं राहिलं असेल." दुसऱ्याची वस्तू मोडीत घालणे बरे नव्हे म्हणून ते घंगाळ बाजूस ठेवले गेले.

इकडे घरात आम्ही नावे पुसत होतो आणि तिकडे वकिलांच्या कचेरीत नावे जमविणे चालू झाले होते. घेणारे गृहस्थ बँकेचे कर्ज काढणार होते, आणि बँकेस पैसे देण्यापूर्वी मालकीची साखळी निर्वेध हवी असते. १९२९ चे खरेदीखत मोडीत होते. मोडी जाणणारा शोधून त्याचे वाचन करविले. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव कंसात गेलेले होते, आणि त्याखाली १९५८ सालच्या नोंदीने वडिलांचे एकट्याचे नाव आले होते. नावापुढे तीन अक्षरे होती: ए. कु. पु., म्हणजे एकत्र कुटुंबाचा पुढारी. महाराष्ट्रातील हजारो जुन्या उताऱ्यांवर ही अक्षरे आढळतील. पुढाऱ्याच्या मागे कोण उभे आहे, हे मात्र ती सांगत नाहीत.

वकिलांनी वंशावळीचा कागद पुढे ओढला आणि विचारले, "आजोबांना मुली किती?"

"आत्या एक. पण ती आमच्याकडेच असे."

"कुठे असत ते नंतर पाहू. किती, ते आधी लिहितो."

आजोबा १९५८ साली, मृत्युपत्र न करता वारले. त्यापूर्वी दोन वर्षे, १७ जून १९५६ रोजी, हिंदू वारसा कायदा अमलात आला होता. मुलीला मुलाइतका हक्क २००५ साली मिळाला, असे आपण सर्रास बोलतो, व ते अर्धेच खरे आहे. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः मुलासारखा हक्क दिला, आणि त्या हक्कासाठी २००५ मध्ये पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीची गोष्ट निराळी. तो मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा आणि मुलगी समान वारस, हा नियम १९५६ पासूनच होता. आजोबांचे घर स्वकष्टार्जित होते, आजी त्यांच्याआधीच गेली होती, अपत्ये दोन. तेव्हा १९५८ पासून घर अर्धे वडिलांचे आणि अर्धे आत्याचे होते.

आत्याचे लग्न १९४१ साली, सोळाव्या वर्षी झाले. तीन वर्षांनी पती निवर्तले आणि ती परत आली ती कायमची. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेस पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क दिला होता. तो तिने सासरी मागितल्याचे आमच्या घरात कोणाच्या ऐकिवात नाही. तिला आमच्या घरात कोणी टाकून बोलले नाही. आई तिला आदराने वन्सं म्हणे, वडील भाऊबीजेला न चुकता लुगडे घेत, आम्ही मुले तर तिच्याच हाताखाली वाढलो. परंतु पहाटे बंब ती पेटवी; जेवावयास सर्वांच्या शेवटी बसे; टपालाचे तिकीट हवे असले तरी वडिलांपाशी पैसे मागे. या सर्वांस घरात 'तिचा स्वभाव' असे नाव होते. आश्रिताचे वर्तन आणि गरीब स्वभाव यांची बाहेरची रूपे फार सारखी असतात, आणि घरातल्या माणसांस दुसरे नाव अधिक सोयीचे वाटते.

कायद्याने तिला दुसरेही काही दिले होते. राहत्या घराची वाटणी मुलीस आपण होऊन मागता येत नसे, ही अट २००५ पर्यंत होती. परंतु विधवा मुलीस त्या घरात राहण्याचा हक्क त्याच कलमात लिहिलेला होता. म्हणजे ज्या खोलीत ती भावाच्या भलेपणाने राहते असे सर्वजण समजत होते, तीही समजत होती, त्या खोलीत ती आपल्या हक्काने राहत होती. खिडकी पाडावयाची ती भिंतही निम्मी तिची होती. अर्ध्या घराची मालकीण एका खिडकीसाठी एकोणतीस वर्षे विचारीत राहिली. १९८७ साली ती गेली.

तिला मूल नव्हते आणि तिने मृत्युपत्र केले नव्हते. पित्याकडून आलेली स्त्रीची मिळकत अशा वेळी सासरी जात नाही. पित्याच्या वारसांकडे परतते. तेव्हा तिचा अर्धा भाग वडिलांकडे आणि पुढे आमच्याकडे आला. हिशेबात कवडीचाही फरक पडला नाही. वकिलांना हवे होते ते केवळ तिचे नाव, आणि ते सिद्ध करणारा कागद. येथे आमची पंचाईत झाली. वडील तिला लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारीत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव असणार. लग्नात बदललेले नाव मात्र तिघांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. अक्का क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "घंगाळ." नगरपालिकेतून १९८७ चा मृत्यूचा दाखला काढला तेव्हा वडिलांनी लिहविलेले नाव तेच निघाले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र झाले. मोडवाल्याने दोन शेर वजनात धरलेली ती अक्षरे सरकारी कागदावर चढली.

अक्का त्या दिवशी कोल्हापुराहून खरे तर एका निराळ्या कामासाठी आली होती. बहिणीने भावांच्या लाभात हक्कसोडपत्र करावे ही आपल्याकडील रूढ वाट. तीस अनुसरून मसुदा तयार होता आणि तिची ना नव्हती. तिच्या घरी काही उणे नाही. सही करण्यास पुढे केलेला तो कागद तिने वाचला, घडी केला आणि वकिलांकडे परत दिला. "मला पैसे नकोत असं मी म्हणाले होते. नाव नको असं म्हणाले नव्हते. मी विकणारी म्हणून सही करीन."

दादाला फोनवर हे सांगितले तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. २००९ साली छप्पर त्याने स्वखर्चाने दुरुस्त केले होते, आणि वाटणीत ते दिसावे अशी त्याची रास्त अपेक्षा होती. अक्कानेच तोड काढली: छपराचा खर्च आधी त्याचा त्याला द्यावा आणि उरलेल्याचे तीन सारखे भाग करावेत. त्याचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आले, त्यासोबत चिठ्ठी होती: "आत्याचं नाव नीट तपासून घ्या. वेलांटी-उकार चुकू देऊ नका."

घर दाखविण्याचे काम अक्काने आपल्याकडे घेतले. मध्यस्थांस यामुळे जो मनस्ताप झाला तो वर्णन करण्यापलीकडचा आहे. पश्चिमेच्या भिंतीला श्रावणात ओल येते. उन्हाळ्यात रंग दिल्यावर तिचा मागमूस राहत नाही, आणि पाहणारे उन्हाळ्यातच येत होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम असे सांगते की, मिळकतीतील वा मालकीतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानी येण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. अक्काने ते कलम वाचलेले नव्हते. ती प्रत्येक पाहुण्यास त्या भिंतीपाशी नेऊन सांगे, "इथं पावसाळ्यात हात लावला तर ओला होतो. कपाट टेकवू नका." दोन गिऱ्हाईके त्या भिंतीवरून परतली. तिसऱ्याने भिंतीवर हात ठेवला, किंमत थोडी उतरवून मागितली आणि घर घेतले. मागल्या खोलीतील खिडकीपाशी त्याची वृद्ध आई बसली ती उठेना. तेव्हा सौदा ठरला हे मध्यस्थांनी ओळखले.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली: वारसा, गहाण, दान, पोटगी, वहिवाट किंवा अन्य कोणत्याही नात्याने या मिळकतीत कोणाचा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे. कोणी आले नाही. यावयाचे ती येऊन गेली होती.

घरात शिरण्याचे विधी आपल्या शास्त्रात पुष्कळ आहेत. भूमिपूजन आहे, वास्तुशांत आहे, गृहप्रवेश आहे. घरातून निघण्याचा विधी आमच्या भटजींच्या पोथीत नव्हता. आग्नेय कोपऱ्यात पुरलेली वास्तुप्रतिमा काढावयाची काय, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ती घराची आहे, तुमची नव्हे. मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत झाले तोच आमचा विधी. छायाचित्रे निघाली, अंगठे उमटले. सह्यांपूर्वी वकिलांनी मालकीच्या इतिहासाचा भाग मोठ्याने वाचून दाखविला, आणि त्यात आजोबांनंतर वडील आणि आत्या अशी दोन नावे लागोपाठ आली. घर तिचे होते हे लेखी ठरले ते घर हातातून जाताना, ती गेल्यास छत्तीसहून अधिक वर्षे लोटल्यावर. घंगाळ आता अक्काकडे कोल्हापुरास आहे.

ज्यांना घर विकावयाचे आहे त्यांनी रंगारी अवश्य बोलवावा, माळा उपसावा, खिडक्या पाडाव्यात. मध्यस्थांचा सल्ला या बाबतीत खोटा नसतो. परंतु ज्यांना विकावयाचे नाही त्यांनाही एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घराचा उतारा, उद्याच विकावयाचे आहे असे समजून, एकदा वाचावा. पुढाऱ्याच्या नावामागे कोणाची नावे लिहावयाची राहिली आहेत ते पाहावे. आत्या, काकू, बहीण, आई, जी कोणी असेल ती हयात आहे तोवर तो कागद तिच्यापुढे ठेवून तिला मोठ्याने वाचून दाखवावा. वारस नोंद करण्यासाठी घर विकावेच लागते असे नाही. आणि मग पावसाळा संपल्यावर ती खिडकीबद्दल काही म्हणालीच, तर तिला विचारण्याचे कारण उरणार नाही. ती गवंड्यालाच सांगेल.